आईबाबांच्या घरात येणाऱ्या माणसाची चौकशी



उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या घरात आईवडील दोघेच. वडिलांचे खुब्याचे ऑपरेशन झालेले. रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास घरात राहायला येणार होता. इथे अमेरिकेत बसलेल्या मुलाने त्याचे नाव एका ‘पीपल सर्च’ संकेतस्थळावर टाकले, कार्डाने पैसे भरले आणि हाती आली टेक्सासमधल्या त्याच नावाच्या कुणा गृहस्थाची कुंडली: जुने पत्ते, फोन नंबर, नातेवाईक. आपल्या मंडळाच्या एका सभासदाचा हा अनुभव. अंबरनाथ, बदलापूरला आईवडील असलेल्या कितीतरी घरांत आज हीच काळजी आहे, म्हणून या अंकात हा विषय.

ही संकेतस्थळे इथल्या मालमत्तेच्या, न्यायालयांच्या आणि फोनच्या नोंदी गोळा करून विकतात. भारतातल्या माणसाविषयी त्यांच्याकडे भरवशाचे काही नसते. इथल्या माणसांबाबतही जपूनच राहावे. नोकरीवर ठेवण्यासाठी किंवा घर भाड्याने देण्यासाठी कुणाची माहिती काढायची, तर १९७० चा ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग’ कायदा लागू होतो. त्याच्या भंगाच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०१२ मध्ये ‘स्पोकिओ’ या अशाच संकेतस्थळाला ८ लाख डॉलर भरावे लागले, तर २०२३ मध्ये ‘ट्रुथफाइंडर’ आणि ‘इन्स्टंट चेकमेट’ यांना ५८ लाख. मुलांना सांभाळायला बाई ठेवतानाही हे लक्षात असू द्या.

मग तिकडची चौकशी कशी करायची? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात, तेही विनामूल्य. पण आडनाव पाटील किंवा जाधव असले, की एकाच नावाची अनेक माणसे समोर येतात. वडिलांचे नाव जुळत नाही तोवर त्या यादीला अर्थ नाही. लग्नानंतर बाईचे नाव बदललेले असते, इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळे असते. शिवाय खटला चालू आहे म्हणजे माणूस दोषी ठरला, असे नव्हे. अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची यादी कुणालाही पाहता येते. भारतात २०१८ मध्ये अशी राष्ट्रीय नोंद सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी खुली आहे. म्हणजे याने आधी असा गुन्हा केला आहे का, या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. त्यासाठी पोलिसांकडेच जावे लागते.

बदलापूरने हे फार मोठी किंमत मोजून शिकवले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी शाळेत कंत्राटी सफाई कामगार होता. गुन्हा नोंदवून घ्यायलाही दिरंगाई झाली आणि २० ऑगस्टला संतप्त लोकांनी बदलापूर स्टेशनात तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. त्यानंतर शासनाने शाळांसाठी जे आदेश काढले, त्यांत सीसीटीव्हीबरोबर कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचाही समावेश होता. पोलिसांकडे असते ती झालेल्या गुन्ह्यांची नोंद. पुढची हमी त्यांनाही देता येत नाही. म्हणून पडताळणीनंतरही घरावर लक्ष हवेच. पण ‘एजन्सीने पाठवलाय, म्हणजे चांगलाच असेल’ हा भरवसा आता कुणीही ठेवू नये.

तेव्हा एवढे कराच. माणूस कामावर येण्याआधी त्याला महाराष्ट्र पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला सांगा. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो स्वतः करतो, त्यामुळे त्याची संमतीही आपोआप येते. फी आणि एका दिवसाचा बुडालेला रोज आपण द्यावा. कॅम्प नं. ३ मधल्या मध्यवर्ती पोलीस ठाण्यात, किंवा घर ज्या ठाण्याच्या हद्दीत असेल तिथे, त्याची माहिती फोटोसह द्या. मूळ गावचा पत्ताही घ्या. आधारवरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर तपासा. त्याने आधी ज्या दोन घरी काम केले, तिथे स्वतः फोन करा आणि त्याने काम का सोडले ते विचारा. खोली भाड्याने देत असाल, तर भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरा.

हे करताना त्या माणसाचा मानही राखला पाहिजे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या मावशींनाही तितकाच आहे. त्यांच्या आधारची प्रत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. जात, धर्म, गाव यांवरून माणसाची पारख करू नका. काय तपासतो आहोत आणि का, हे त्यांना आधी मोकळेपणाने सांगा.

उतारवयातल्या आईवडिलांना एकट्याने पोलीस ठाण्यात जायला संकोच वाटतो. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला ज्यांची भावंडे किंवा मित्र आहेत आणि जे अशा वेळी कुणाच्या आईवडिलांसोबत जायला तयार आहेत, त्यांची नावे त्यांना विचारून मंडळाकडे कळवा. यादी मंडळ सांभाळेल आणि गरज पडेल त्या सभासदाला त्यातले एक नाव देईल. पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गावातून निदान दोन नावे आली पाहिजेत.

आपले,
संपादक मंडळ