तुमचे यंत्र किती चुकते?



विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळेत थर्माकोल, रंगीत दिवे आणि तयार मॉडेलांची गर्दी होते. मापनाच्या उपकरणांचे प्रकल्पही बरेच असतात. कोणी तापमापक करतो, कोणी टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवतो. सर्किट कसे चालते ते मुले घडाघडा सांगतात, पण "तुझे यंत्र किती चुकते?" असे विचारले की वडिलांकडे बघतात. माझ्या मते अशा प्रकल्पाचे सादरीकरण ह्याच प्रश्नापासून सुरू व्हावे.

एलएम-३५ हा तापमानाचा सेन्सर मुले नेहमी वापरतात. तो दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनो बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, जवळजवळ अर्ध्या अंशाची. तरी पडद्यावर ३१.७४ असे आकडे झळकतात आणि परीक्षक खूश होतात! दशांशचिन्हापुढचे ते दोन आकडे निव्वळ शोभेचे. हे ज्याला कळले, त्याचा प्रकल्प साधा दिसला तरी मी त्याला जास्त गुण देईन.

उकळत्या पाण्याचेही तसेच. पुस्तकात १०० अंश आहे म्हणून वहीत १०० लिहून मोकळे. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ज्याने ९८ वाचले त्याने ९८च लिहावे.

उज्जैनची वेधशाळा आपण सहलीत पाहतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या सम्राट यंत्राची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, तेव्हा मुले हसतात. पण ते यंत्र स्थानिक वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, उज्जैन ७५.८ च्या जवळ; फरक सुमारे २७ मिनिटांचा. शिवाय वर्षभरात सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो, ते वेगळेच.

पालकांना विनंती, बाजारातून तयार प्रकल्प आणू नका. मुलाचा वेडावाकडा चालेल. आणि विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते की यंदा एक बक्षीस नोंदवहीला असावे: एकाच मापाच्या दहा नोंदी, न जुळणाऱ्या नोंदीही न खोडता. प्रयोगशाळेला एक प्रमाणित तापमापकही हवा आहे. सध्या मुले एका शंकास्पद तापमापकाने दुसरा तपासतात.

— प्राचार्य