नाव पुढे न करणारा लेव्ही

ऑर्केस्ट्रात मी आयुष्यभर कोरसला उभा राहिलो. पोस्टरवर कुणाचं नाव केवढ्या अक्षरात, यावरून झालेली भांडणं भरपूर पाहिली. म्हणून ‘फोर टॉप्स’ या अमेरिकन गायक-चौकडीतल्या मुख्य गायकाचं, लेव्ही स्टब्सचं, मला अप्रूप आहे. पण त्याची त्यागमूर्ती करून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

लेव्ही, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन ही डेट्रॉइटची पोरं. १९६३ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने घेण्याआधी दहाएक वर्षं त्यांनी क्लबांतून घासली होती. लेव्हीचा आवाज मूळचा बॅरिटोन, भारदस्त. पण त्यांची गाणी रचणारं हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्रिकूट त्याला मुद्दाम चढी पट्टी द्यायचं. १९६६ चं ‘रीच आउट, आय विल बी देअर’ ऐका. अंतऱ्यात तो गातो कुठे? जवळजवळ ओरडून बोलतो. वर पोचताना गळा ताणला जातो, आणि मागे कोरस मात्र शांत, गोल, सुरात. तो कोरस काढून टाका, लेव्हीची आर्तता नुसती आरडाओरड वाटेल. हे त्याला पक्कं कळत होतं, असं माझं मत. यात त्याग कसला? गाण्याची जाण म्हणा.

१९६७ मध्ये मोटाउनच्याच ‘सुप्रीम्स’ ग्रुपचं नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं. तिथल्याच ‘टेम्प्टेशन्स’ ग्रुपच्या डेव्हिड रफिनलाही तसंच हवं होतं, १९६८ मध्ये त्याला ग्रुपमधून काढलं. लेव्हीने मात्र आपलं नाव वेगळं लावू दिलं नाही. १९७२ मध्ये मोटाउनने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. हे चौघे डेट्रॉइटमध्येच राहिले आणि त्यांनी कंपनी बदलली. १९९७ मध्ये पेटन वारला, तोवर चौघांत एकही माणूस बदललेला नव्हता. २००० मध्ये लेव्हीला पक्षाघात झाला, गाणं थांबलं. २००८ मध्ये तो डेट्रॉइटमध्येच गेला.

एक हिशेब मात्र मला खटकतो. त्यांच्या रेकॉर्डवर मागे जे उंच बायकी आवाज येतात, ते ‘अँडान्टिस’चे : जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो, लूव्हेन डेम्प्स. लेव्हीला नाव मिळत होतं, त्याने नको म्हटलं. या तिघींना कुणी विचारलंच नाही. तेव्हाच्या कव्हरांवर त्यांची नावंच नसायची. ‘फोर टॉप्स’वर लिहिणाऱ्यांनी निदान आता तरी ती चौघांच्या जोडीने छापावीत, तितक्याच मोठ्या टायपात.