मेलेली कोंबडी मांजरीपुढं टाकू नका



डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यात, बचाव केंद्रात, तीन वाघ अन् एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पुढं जानेवारीत छिंदवाड्यात घरच्या मांजरांतही तोच निघाला.

कन्हानहून हे काही दूर नाही. माझ्याकडं चार मांजरी आहेत, धानाच्या पोत्यांजवळ उंदीर येऊ देत नाहीत. कोंबडी मेली की त्यांच्यापुढं टाकायची, ही माझीच सवय होती. आता बंद केली. रेबीजची लस मांजरीला देता येते, याची आपल्याकडं नाही. खबरदारी अन् तपासणी, एवढंच हाती आहे.

कोंबड्या किंवा मांजरी एकापाठोपाठ मरू लागल्या तर गुपचूप पुरू नका. उघड्या हातानं उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. "कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील" ही भीती मलाही वाटते. पण भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात तोटा आपलाच. अन् ही लागण माणसालाही होऊ शकते. लेकरं मांजरी कुशीत घेऊन झोपतात, एवढं ध्यानात ठेवा.