जिल्हा हिरवा, तालुका बंद

पावसाळा तोंडावर आला की नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तयारीच्या बैठका सुरू होतात. बॅटऱ्या तपासल्या जातात, डिझेलचा साठा मोजला जातो, पेट्रोलिंगच्या याद्या निघतात. यंदा त्या बैठकीत आणखी एक प्रश्न घ्यावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. सिरोंचा तालुका सलग बारा तास तुटला, तर आपल्या अहवालात तो कुठे दिसेल?

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तालुके बारा. त्यातले अगदी दक्षिणेचे टोक म्हणजे सिरोंचा. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून दूर. आलापल्लीपासून रेपनपल्ली, जिमलगट्टा करत जाणारा शंभरेक किलोमीटरचा जंगलातला रस्ता हीच उरलेल्या जिल्ह्याशी जोडणारी मुख्य वाट. नाल्याला पूर आला, रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात केबलला लागला किंवा झाड पडून वीज गेली, तर दुरुस्तीचे पथक त्याच वाटेवर अडकते. जुलै २०२२ मध्ये गोदावरीने भद्राचलमला सत्तर फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा सिरोंचाकडची गावेही पाण्याने वेढली आणि लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. अशा वेळी धरणातून किती पाणी सुटले, गाव कधी सोडायचे, रुग्णवाहिका कुठवर येईल हे सांगणारी यंत्रणा आपल्याच तारांवर आणि टॉवरवर उभी असते.

आता आपली मोजमापे पाहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०२३ मध्ये सेवा कंपन्यांना एक निर्देश दिला. एखाद्या जिल्ह्यातील सर्व ग्राहकांची सेवा सलग चार तासांहून अधिक बंद राहिली, तर चोवीस तासांच्या आत कळवायचे आणि सेवा सुरू झाल्यावर बहात्तर तासांत मूळ कारण द्यायचे. निर्देश चांगला आहे. मूळ कारण लेखी मागणे ही तर आपल्या क्षेत्राला लागलेली चांगली सवय म्हणावी लागेल. पण एकक आहे जिल्हा. वडसा, आरमोरी, गडचिरोली व्यवस्थित चालू असतील, तर सिरोंचा दिवसभर बंद राहूनही ही अट लागू होत नाही. टॉवरच्या बंद काळाचा जुना निकषही सरासरीचाच: महिन्याला एकूण दोन टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात दोन टक्के म्हणजे एका टॉवरमागे चौदा तासांहून थोडे जास्त. शहरातल्या टॉवरचा बंद काळ जवळजवळ शून्य असला, तर झिंगानूरच्या बाजूचा एखादा टॉवर कित्येक दिवस बंद राहूनही सरासरी निकषात बसते.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की बिघाडाचा हिशेब तालुकावार ठेवा आणि अलार्मची तीव्रता उपकरणावरून ठरवू नका. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एक्स.७३३ या शिफारशीने क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग अशा पायऱ्या आखून दिल्या आहेत. कोणता बिघाड कोणत्या पायरीवर ठेवायचा, हे मात्र आपणच ठरवतो. नागपुरात एक टॉवर बंद पडला तर शेजारचे चार टॉवर भार उचलतात. अंकिसा किंवा आसरअल्लीच्या पट्ट्यात शेजारी दुसरा टॉवर असेलच असे नाही. दोन्ही ठिकाणी 'मायनर' लिहिणारी यंत्रणा खोटे बोलत नाही, पण ऑपरेटरला चुकीच्या कामाकडे धाडते. या बिघाडाने किती लोकांचा शेवटचा मार्ग तुटला आणि पथकाला पोहोचायला किती तास लागतील, हे दोन आकडे प्रत्येक साइटच्या नोंदीत भरा. तीव्रता त्यावरून ठरू द्या.

दुसरे म्हणणे निदानाविषयी. शहरात 'साइट डाउन' एवढे कळले तरी चालते, तंत्रज्ञ अर्ध्या तासात जाऊन पाहतो. सिरोंचाच्या बाबतीत वीज गेली की फायबर तुटली हे निघण्यापूर्वीच कळायला हवे. स्प्लाइसिंग मशीन घेऊन निघालेल्या पथकाला तिथे रिकामी डिझेल टाकी दिसली, तर दिवस वाया जातो. निदानाची साधने मात्र आपल्या हातातच आहेत. जीपॉन जाळ्यात ग्रामपंचायतीतील ओएनटीची वीज जाताना ते 'डायिंग गॅस्प' हा शेवटचा संदेश पाठवते. एकाच स्प्लिटरवरची सगळी ओएनटी असा संदेश न देता एकदम गप्प झाली, तर संशय फायबरवर घ्यायचा. एकेक करून संदेश देत गेली, तर वीज. एवढा एक नियम एनओसीच्या संगणकात बसवला, तरी कितीतरी फुकट फेऱ्या वाचतील. ४८ व्होल्टच्या बॅटरी बँकेचा व्होल्टेज दर पाच मिनिटांनी नोंदवला, तर टॉवर बंद पडण्याआधी काही तास इशारा मिळतो. टॉवर पडल्यावर कारण शोधण्यापेक्षा पडण्यापूर्वी डिझेल पोहोचवणे केव्हाही स्वस्त.

यंत्रणेच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. एसएनएमपीचा ट्रॅप यूडीपीवरून जातो, त्याची पोच मिळत नाही. लिंक तुटली तर तुटल्याची बातमीही त्याच लिंकमध्ये अडकते. त्यामुळे ट्रॅप आला नाही म्हणजे सारे ठीक, असे गृहीत धरता येत नाही. नियमित पोलिंग हवेच, आणि देखरेखीसाठी वेगळी, कमी क्षमतेची वाटही हवी. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून एसएमएस पाठवणारा छोटा मोडेमही पुरतो. जिथे बॅकहॉल भूस्थिर उपग्रहावर आहे, तिथे पोलिंगचा प्रश्न जाऊन उत्तर परतायला सुमारे अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. गर्दीच्या वेळी तो आणखी वाढतो. अशा साइटला पोलिंगचा एक सेकंदाचा टाइमआउट ठेवला, तर चालू साइट बंद दिसते. खोटे अलार्म वाढले की ऑपरेटर खऱ्या अलार्मकडेही काणाडोळा करू लागतो.

फायबर तुटल्यावर ओटीडीआर अंतर सांगतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे एक किलोमीटरवरच्या तुटीचा परतावा दहा मायक्रोसेकंदांत येतो. पण ते अंतर काचेचे असते, रस्त्याचे नाही. प्रत्येक जॉइंटपाशी गुंडाळून ठेवलेली जादा केबल, केबलच्या आत पिळाने बसवलेला तंतू, यांमुळे काच रस्त्यापेक्षा लांब भरते. एक टक्क्याचा फरक शंभर किलोमीटरवर एक किलोमीटर होतो, आणि भर पावसात जंगलात एक किलोमीटर शोधत फिरणे म्हणजे आणखी एक दिवस. यावर उपाय पावसाआधीच करायचा आहे. प्रत्येक जॉइंट आणि चेंबरचे जीपीएस स्थान नोंदवा, निरोगी फायबरचा ओटीडीआर आलेख साठवा, जॉइंटचे अंतर आणि रस्त्यावरची खूण यांचा तक्ता पथकाच्या फोनमध्ये द्या.

वाटांचे काय? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात सरळ रेषेतल्या जोडणीऐवजी रिंगची कल्पना आहे. ती मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र रिंगच्या दोन्ही भुजा एकाच चरातून, एकाच मोरीखालून गेल्या, तर नकाशावरची रिंग एका खोदकामात संपते. सिरोंचाची दुसरी भुजा नदीपलीकडे जाऊन तेलंगणातील जाळ्याला जोडता येईल. प्राणहिता आणि गोदावरी या दोन्ही नद्यांवर पूल आहेत. उत्तरेची वाट जंगलातली, दक्षिणेची नदीवरची, त्यामुळे दोन्ही एकाच कारणाने तुटण्याची शक्यता कमी. महापुरासाठी तिसरी, उपग्रहाची अरुंद वाट राखून ठेवावी. राज्याची हद्द सर्कलच्या नकाशावर असते. पुरात अडकलेल्या माणसाला जवळची वाट हवी असते.

शेवटचे म्हणणे माणसांविषयी. तुटलेले टोक सापडल्यावर जोडायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो पोहोचण्यात. म्हणून मशीन आणि ते चालवणारे हात सिरोंचातच हवेत. तिथल्या तरुणांना तेलुगू येते, मराठी येते, कित्येकांना माडियाही येते. कोणता नाला कधी उतरतो हे ते जाणतात. त्यांना स्प्लाइसिंगचे आणि ओटीडीआरचे पक्के प्रशिक्षण द्या, कायम नेमणूक आणि रास्त पगार द्या. कंत्राटाच्या तिसऱ्या पायरीवरचा, महिनोन्महिने थकलेल्या बिलाची वाट पाहणारा माणूस रात्रीच्या पावसात बाहेर पडावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

जून ते सप्टेंबर या काळात सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरची आणि चंद्रपूरच्या जिवतीसारख्या तालुक्यांतील बिघाडांची नोंद तीन रकान्यांत ठेवा: कळायला लागलेला वेळ, पोहोचायला लागलेला वेळ, दुरुस्तीचा वेळ. ती नोंद आमच्याकडे पाठवा, कंपनीचे नाव न घेता आम्ही ती छापू. कोणता रकाना सर्वांत मोठा आहे हे एकदा आकड्यांत दिसले, की पैसा कुठे घालायचा यावर वाद उरणार नाही. आणि नियामकाकडे तालुका हे एकक मागताना आपल्या हातात पुरावाही असेल.