उपचार शिकवायचे कोठे?

१८९६ साली फिलाडेल्फियातील एका शिक्षिकेने आपला चौदा वर्षांचा विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे आणला. मुलाला काही केल्या शुद्ध लिहिता येत नव्हते. मानसशास्त्र कामाचे असेल, तर अशा वेळी शिक्षकाला त्याचा उपयोग झालाच पाहिजे, असे विटमर यांना वाटले. तपासणीत दृष्टिदोष आढळला. चष्मा दिला गेला आणि उरलेल्या अडचणीसाठी खास शिकवणी सुरू झाली. विद्यापीठातील मानसशास्त्रीय चिकित्सालय असे सुरू झाले आणि चिकित्सा मानसशास्त्र ही शाखाही.

मुंबईला हा विचार नवा नाही. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना १९३६ ची. पुढच्याच वर्षी तिने बाल मार्गदर्शन केंद्र काढले. तरीही विद्यापीठाने चालवलेले, आसपासच्या वस्तीसाठी रोज उघडणारे केंद्र आपल्याकडे अपवादच आहे. रुग्णालयावाचून वैद्यकीय महाविद्यालय चालू शकत नाही. मनाच्या उपचारांचे शिक्षण मात्र टिपणे आणि तोंडी परीक्षा यांवर भागवले जाते. नुसत्या एम. ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होत नाही, हे खरे. पण पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या पुढील अभ्यासक्रमाच्या जागा थोड्या, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात.

गरिबांवर हात बसवून घेण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप येईल. तो झटकून टाकण्यासारखा नाही. समोर बसलेली व्यक्ती अद्याप विद्यार्थी आहे, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे आणि प्रत्येक बैठकीचा वृत्तांत अनुभवी पर्यवेक्षकाने तपासला पाहिजे. येथेच पैशाचा प्रश्न येतो. अध्यापकाचा कार्यभार मुख्यतः व्याख्यानांच्या तासांत मोजणाऱ्या व्यवस्थेत, एका रुग्णाविषयी एका विद्यार्थ्यासमवेत घालवलेला तास कोठे मांडायचा? जे मोजले जात नाही, त्यालाच पहिली कात्री लागते. इमारत देणगीतून उभी राहील, कोनशिलाही बसेल; पर्यवेक्षकाचे वेतन दरसाल लागते. शुल्क ऐपतीप्रमाणे जरूर घ्यावे, पण त्यातून हा खर्च निघेल अशी आशा विद्यापीठाने आणि शासनाने धरू नये. तो शिक्षणाचाच खर्च आहे, प्रयोगशाळेइतकाच.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. एप्रिलात परीक्षा, मेमध्ये सुट्टी, जूननंतर नवे विद्यार्थी. सहा महिने एका विद्यार्थिनीपुढे मन मोकळे करणाऱ्या बाईने सगळे पुन्हा पहिल्यापासून कोणाला सांगायचे? रुग्णाची जबाबदारी कायम नेमणुकीच्या तज्ज्ञाकडे असावी, आणि जाणाऱ्या विद्यार्थिनीने येणाऱ्याशी त्या बाईंची गाठ त्यांच्या संमतीने, समक्ष घालून द्यावी. मे महिन्यातही केंद्राचे दार उघडे राहील, याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.