पाड्यावरची साक्ष आणि महाविद्यालयाचा उंबरठा

गोरेगावच्या आरे वसाहतीतील आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरून वारली, मल्हार कोळी, कातकरी घरांतील मुलेमुली उपनगरांतील महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. अनेक घरांत ही पायरी चढणारी ही पहिलीच पिढी होय. त्यांच्या शिष्यवृत्तीवर व वसतिगृहांवर बरेच बोलले गेले आहे. २०१८ साली वसतिगृहांतील खानावळीऐवजी रोख रक्कम खात्यात भरण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, हे वाचकांना स्मरत असेल. परंतु रकमेच्या पलीकडे या मुलांच्या पाठीशी उभे राहणारे माणूस कोण, हा प्रश्न चर्चेत येत नाही. ते माणूस पाड्यावर आहे, आणि महाविद्यालयात त्याला जागा नाही.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. राखीव जागेवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार तीत दैवते, विवाहविधी, मृत्यूनंतरचे संस्कार यांची विचारणा होते. ही कसोटी अंतिम नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तरी ती नाहीशी झालेली नाही. म्हणजे जो विषय राज्यसंस्था कोठेही शिकवीत नाही, त्याची परीक्षा मात्र ती घेते! दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. जमिनीच्या दाव्यात म्हाताऱ्याचा शब्द चालतो. त्याच्या नातवाच्या शिक्षणात तो चालत नाही.

महाविद्यालये आदिवासींना अगदीच विसरतात असे नव्हे. ९ ऑगस्टला तारपा वाजविणाऱ्यास बोलावणे जाते, नारळ व शाल दिली जाते, छायाचित्र निघते. दहा ऑगस्टला तोच माणूस फाटकाशी आला तर पहारेकरी त्यास अडवील.

वस्तुतः या वृद्धांजवळ जे आहे ते शोभेचे नाही. पावसाच्या आरंभी पाड्यावरच्या बाया शेवळे विकावयास आणतात. ही भाजी घशाला खाजते, आणि ती खाज घालविण्यास काकडाचे फळ लागते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात शेवळ्याचे लॅटिन नाव मिळते, हे ज्ञान मिळत नाही. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. ती स्त्री असते, आणि भटजीवाचून विधी पार पाडते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे तिच्याच तोंडून ऐकावे. आरे दुग्धवसाहतीसाठी १९४९ साली जमीन घेतली गेली, त्यापूर्वीच्या वहिवाटीची आठवण याच घरांत आहे. आपली आजी ज्या वर्गात शिकवून गेली, त्या वर्गात आडनाव सांगताना मुलगी अडखळणार नाही.

आपल्याच गोटातून एक आक्षेप येईल: हे परंपरेचे उदात्तीकरण नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. भगताच्या नावाने अंधश्रद्धा चालतात, आणि चेटकीण ठरविलेल्या स्त्रीचे हाल कार्यकर्त्यांनी पाहिले आहेत. परंतु ज्ञानी वृद्ध आणि भोंदू यांतील भेद विद्यार्थ्यांसमोर उघड चर्चा केल्यानेच स्पष्ट होईल. शिवाय १९४५ च्या वारली लढ्यात वेठ नाकारणारे हात याच समाजाचे होते. ती स्मृती सांगणारेही पाड्यावरचे वृद्धच.

कॅनडातील अनेक विद्यापीठांत मूळ रहिवाशांच्या वृद्धांना मानधन देऊन नेमले जाते. ते विद्यार्थ्यांना भेटतात, त्यांची गाऱ्हाणी ऐकतात. येथेही दार अगदीच बंद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवीची अट न घालता अनुभवी व्यक्तींना अध्यापनासाठी नेमण्याची मुभा दिली. ती देताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने उद्योगक्षेत्र होते, हे खरे. पण कंपनीतील अनुभव मोजता येतो, तर चाळीस पावसाळे लग्ने लावणाऱ्या धवलेरीचा का नाही?

दोन गोष्टी मात्र सोडता येणार नाहीत. मानधन रोजगार बुडाल्याच्या भरपाईपुरते नसावे, व्याख्यात्याला मिळते तितके असावे. गरिबाचे ज्ञान फुकट घेण्याची सवय जुनी आहे. आणि निवड प्राचार्यांनी न करता पाड्याच्या बैठकीने करावी. महाविद्यालय विकास समितीत स्थानिक प्रतिनिधी असतात. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड येथील कार्यकर्त्यांनी त्यांना गाठून, जूनचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी, हा ठराव समितीपुढे ठेवावयास लावावा.