राख, औषध आणि सात कोंबड्या

गेल्या ज्येष्ठात, मृगाने सोलापूरकरांना आपल्या शिरस्त्याप्रमाणे हुलकावणी दिली असताना, उत्तर सोलापूर तालुक्यातील एका खेड्यात काही खाजगी कामानिमित्त जाणे झाले. आणि ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी भल्या सकाळी आपले लाकडी खुराडे अंगणात ओढून आणून एका दगडावर दणादणा आपटले, तेव्हा त्याच्या फळ्यांच्या सांध्यांतून मसुरीएवढे, चपटे, राखाडी-तपकिरी जीव टपाटप खाली गळू लागले. कोंबड्या सात होत्या. त्यांतील दोघींचे तुरे फिके पडले होते, आणि एक तलंग पंख पाडून भिंतीच्या कडेला बसली होती, तिची विष्ठा हिरवट होती. माझे बालपण मंगळवेढ्यास गेले असल्याने, आणि तेथे आजीच्या हाताखाली कोंबड्या झाकण्या-सोडण्याची कामगिरी मजकडे असल्याने, या विषयात आपणांस थोडेफार कळते असा माझा एक जुना समज आहे. तेव्हा मी अधिकारवाणीने म्हणालो, "मावशी, चुलीतली राख कोपऱ्यात ओतून ठेवा, कोंबड्या आपणहून लोळतील." मावशींनी हातातला खराटा न सोडता उत्तर दिले, "आता राख कुठली वो, गॅस आलाय की घरात."

त्या उत्तराने माझी बोलती बंद झाली, हे कबूल केले पाहिजे. कोंबडीच्या अंगावरील व पोटातील परोपजीवींवर रासायनिक औषध बरे की नैसर्गिक उपाय बरा, हा वाद अलीकडे शहरात गच्चीवर चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्या हौशी मंडळींपासून शेतीविषयक मेळाव्यांच्या व्यासपीठापर्यंत मोठ्या हिरिरीने चालतो. एक पक्ष निसर्गाचे वकीलपत्र घेऊन उभा राहतो, दुसरा विज्ञानाचे. पण दोन्ही पक्षांची कैफियत ऐकताना असे वाटते, की पहिल्याच्या मते प्रत्येक घरी अद्याप चूल पेटते आहे आणि दुसऱ्याच्या मते प्रत्येक बाटलीवर सात कोंबड्यांची मात्रा छापलेली आहे. वास्तविक २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची टाकी खेड्याखेड्यांत पोचली, बायाबापड्यांच्या डोळ्यांतला धूर गेला, हे उत्तमच झाले. परंतु त्या धुराबरोबर राखही गेली, आणि राखेवर उभी असलेली एक संपूर्ण वहिवाट कोणाच्या ध्यानीमनी नसताना मोडली. परंपरागत उपाय म्हणून आपण ज्याचा गौरव करतो तो बहुधा एखादा सुटा पदार्थ नसतो, तर त्या काळच्या घराची व्यवस्थाच असते. घर बदलले की उपायाचे नाव तेवढे उरते.

खुराड्यातून पडलेल्या त्या जीवाविषयी दोन शब्द येथेच लिहिले पाहिजेत, कारण सोलापूरसारख्या वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या कोरड्या मुलखाचा तो खरा रहिवासी आहे. कोंबडीचा हा मऊ गोचीड शास्त्रात 'अर्गास पर्सिकस' म्हणून ओळखला जातो. त्याच्या नावात इराण आहे, हे पाहून, ज्यांची दप्तरे आजही तारीख, तहसील आणि तगाई या शब्दांवाचून चालत नाहीत अशा आपल्यासारख्यांना नवल वाटण्याचे कारण नाही. दिवसा तो लाकडाच्या फटीत दडून बसतो, रात्री बाहेर येऊन अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि पहाटेपूर्वी पुन्हा फटीत जातो. अन्न मिळाले नाही तरी वर्षाहून अधिक काळ तो उपाशी जगू शकतो. रक्त पिता पिता स्पायरोकीट जातीचे जंतू तो कोंबडीच्या अंगात सोडतो, आणि मग ताप, हिरवी हगवण, मान टाकणे अशी लक्षणे दिसतात, जी पाहून घरची माणसे "मानमोडी आली" असे म्हणून मोकळी होतात. मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा विषाणूचा रोग असून त्यावर लशीवाचून इलाज नाही. गोचिडाचा ताप मात्र पेनिसिलिनसारख्या साध्या औषधाने हटतो. दोहोंतला भेद न कळल्याने किती कोंबड्या हकनाक गेल्या असतील याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आता असा शत्रू फटीत बसलेला असताना, कोंबडीच्या अंगाला राख चोळली काय आणि अंगावर औषध फवारले काय, तो मनात हसत असणार. राखेने उवा आणि पिसवा कमी होतात यात संशय नाही, कारण कोरडी बारीक पूड कीटकाच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडून त्याला शुष्क करते, आणि कोंबडी धुळीत अंग घुसळते ती याच हेतूने. पण राख फटीपर्यंत जात नाही. कडुनिंबाचा पाला खुराड्यात अंथरण्याची चालही आपल्याकडे जुनी आहे. निंबोळीतील अझाडिरेक्टिन हे द्रव्य किड्याची भूक आणि वाढ रोखते, त्याला तत्क्षणी मारीत नाही, म्हणून जो मनुष्य रात्री पाला घालून सकाळी मेलेले गोचीड मोजायला बसेल त्याची निराशा ठरलेली.

परंतु नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा जो समज सुशिक्षितांत बळावला आहे, त्याची परीक्षा घेण्यास सोलापूर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नसेल. बार्शीकडचे सीताफळ घ्या. त्याच्या बियांची पूड उवा मारते हे आमच्या आजीलाही ठाऊक होते, आणि तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते हेही तिला ठाऊक होते. म्हणून ती पूड कुटताना आम्हा पोरांना अंगणाबाहेर पिटाळीत असे. तंबाखू घ्या. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत ज्यांची दहा हजार घरे उभी राहिली त्या विडी कामगार भगिनींना, तंबाखूची धूळ श्वासात जाऊन काय होते, हे कोणी पुस्तकातून सांगावे लागत नाही. आणि त्याच तंबाखूतील निकोटिनचा अर्क विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कुक्कुटपालक कोंबड्यांच्या बसण्याच्या दांड्यांना फासून उवा मारीत असत, पुढे तो माणसालाही घातक म्हणून बाजारातून गेला. डाळिंब तर आमचे भूषण! केगाव येथे २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या झाडाच्या मुळाची साल चपट्या कृमींवर देण्याचा प्रघात प्राचीन आहे, आणि १८७८ साली तान्रे या फ्रेंच रसायनज्ञाने त्या सालीतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला, क्विनीनच्या शोधकांपैकी एक जे पेलेतिए, त्यांचे नाव दिले. मात्रा चुकली की या द्रव्याने माणसाला घेरी येते आणि दृष्टी अंधारते. मग दीड किलोच्या कोंबडीची कथा काय?

उलट, ज्याला आपण रासायनिक म्हणून नाक मुरडतो त्याची वंशावळ तपासली तर तीही पुष्कळदा मातीतच पोचते. डेल्टामेथ्रिन हे गोचिडाचे औषध कारखान्यात तयार होते खरे, पण त्याचा मूळ नमुना पायरेथ्रम नावाच्या शेवंतीकुळातील फुलांचा आहे. आयव्हरमेक्टिनचा उगम जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवात आहे आणि त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा निसर्गाच्या पक्षाने शेवंतीला आपली म्हणावी की परकी?

या वादातला सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र युरोपात घडला. २०१७ साली हॉलंडमधील अनेक कुक्कुटशाळांत कोंबड्यांच्या तांबड्या माइटवर एक वनस्पतिजन्य द्रव फवारण्यात आला. त्यात निलगिरी आणि मेन्थॉल आहे अशी त्याची ख्याती होती, आणि तो इतका गुणकारी ठरला की मालक मंडळी खूश झाली. पुढे तपासात आढळले की त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक, जे अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर वापरण्यास तेथे कायद्याने मनाई आहे, गुपचूप मिसळलेले होते. लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. गुण विषाचा, नाव निलगिरीचे! आपल्याकडील कृषी सेवा केंद्रांतून ज्या बाटल्यांवर हिरवे पान छापलेले असते आणि घटकद्रव्यांच्या जागी केवळ "दिव्य वनस्पती" असे शब्द असतात, त्या हाती घेताना मला हॉलंडची आठवण होते.

रासायनिक पक्षाची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. परसातल्या कोंबडीच्या नशिबी येते ते औषध बहुधा कोंबडीचे नसतेच. म्हशीच्या गोचिडासाठी आणलेले उरते, नाहीतर द्राक्षाच्या वा कपाशीच्या फवारणीतले तळाशी राहते, तेच पाण्यात ढवळून खुराड्यावर मारले जाते. अशा विषांची थट्टा नसते. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही घटना फार जुनी नाही. शिवाय कमी ताकदीचे औषध वारंवार मारल्याने गोचीड त्याला सरावतो, आणि शेवटी विष सोसणारा गोचीड आणि विष न सोसणारी कोंबडी अशी विचित्र निवड आपण स्वतःच्या हाताने करून ठेवतो.

जंतांची गोष्ट निराळी, ती थोडक्यात सांगतो. पोटातील गोल जंतावर पिपराझिन हे स्वस्त औषध चांगले लागू पडते; चपट्या कृमीवर त्याचा काडीचा उपयोग नाही; तो मुंग्या आणि शेणकिडे खाल्ल्याने होतो आणि त्याचे औषध वेगळे. विष्ठेचा एक नमुना जनावरांच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुष्कळदा उलगडा होतो. पण सात कोंबड्यांची विष्ठा घेऊन कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि चढलाच तर हसे होईल अशी भीती असते. ती भीती अगदीच अनाठायी असते असे मी म्हणणार नाही.

संस्कृतातून आलेला 'प्रमाण' हा आपला शब्द मोठा मार्मिक आहे: त्याचा अर्थ पुरावा असाही होतो आणि माप असाही. परसातल्या कोंबडीबाबत नैसर्गिक पक्षाजवळ पहिल्या अर्थाचे प्रमाण नाही आणि रासायनिक पक्षाजवळ दुसऱ्या अर्थाचे. वावडिंग, पळसपापडी, कडुनिंब यांची कीर्ती ग्रंथोक्त असली तरी किती, कशात, किती दिवस आणि कोणत्या किड्यावर, हे सांगणारे दाखले तुरळक. पुण्याच्या 'अंथ्रा' या महिला पशुवैद्यांनी उभारलेल्या संस्थेने खेडोपाडी हिंडून अशा उपायांची नोंद घेण्याचे जे काम केले, त्याचे महत्त्व याचसाठी आहे. आणि औषधाची मात्रा लिहिलेली असते ती शंभर पक्ष्यांच्या, हजार पक्ष्यांच्या हिशेबाने. मावशींनी मागच्या साली जंताचे औषध आणले तेव्हा दुकानदारास विचारले होते, सात कोंबड्यांना किती? तो म्हणाला, "टोपणभर." टोपण कोणत्या बाटलीचे, हे त्याने सांगितले नाही, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे तर विचारायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. ती अंडी अंगणवाडीतून आलेल्या नातवाने खाल्ली.

हा प्रश्न सात कोंबड्यांचा आहे म्हणून क्षुल्लक आहे, असे जर कोणी अधिकारी मानीत असेल तर त्याने २०१९ च्या विसाव्या पशुगणनेचे आकडे पाहावेत. देशातील ८५ कोटींहून अधिक कोंबड्यादी पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले आहेत, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले आहेत. हा व्यवहार बहुतांशी बायकांच्या हातचा आहे. अंड्याचा पैसा घरातल्या पुरुषाच्या जमाखर्चात येत नाही, तो वह्या-पेन्सिलींना आणि माहेरच्या एस.टी.च्या तिकिटाला जातो. सरकार परसबागेतील कुक्कुटपालनाच्या योजनेत पिल्ले वाटते, त्यांचे छायाचित्र निघते. त्याच टोपलीबरोबर दहा पक्ष्यांपुरती जंताच्या औषधाची पुडी, मराठीत मात्रा, अंडी वर्ज्य करण्याची मुदत आणि खुराड्याच्या फटी बुजविण्याची दोन ओळींची सूचना देण्याची तजवीज करण्यास कोणत्या हुकुमाची वाट पाहिली जात आहे? आणि हिरव्या पानाच्या बाटलीलाही तोच जाबता लावा: आत काय आहे ते लिहा, आणि लिहिले आहे तेच आहे याची तपासणी होऊ द्या.

त्या दिवशी आम्ही काय केले ते सांगून थांबतो. मावशींनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळले, गॅसवरच, आणि ते खुराड्याच्या सांध्यांतून ओतले. फटींत मी चिखल आणि चुना भरला. आजारी तलंगेला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणली. मग मावशींना आठवले, की त्यांच्या सासूबाई दुधाच्या फडताळाचे पाय मुंग्यांच्या भयाने पाण्याच्या वाट्यांत ठेवीत असत; त्यांनी माळ्यावरून चार जुन्या जर्मनच्या वाट्या काढल्या, त्यांत वापरलेले तेल घातले, खुराडे भिंतीपासून हातभर सरकवले आणि त्याचा एकेक पाय उचलून एकेका वाटीत ठेवला. चौथ्या वाटीला भोक होते. तिच्या जागी त्यांनी नातवाचा दुधाचा पेला ठेवला, आणि तो शाळेतून आल्यावर काय म्हणेल याची चिंता करीत त्या चहा टाकायला आत गेल्या.